रकान्यांतले पूर्वज
एकोणिसाव्या शतकातील विवाहनोंदी कशा वाचाव्यात?

कुळाचा इतिहास शोधणाऱ्याला तीन प्रकारचे कागद लागतात : जन्माचा, मृत्यूचा आणि लग्नाचा. जन्माचा आणि मृत्यूचा कागद एका माणसाविषयी बोलतो. लग्नाचा कागद दोन घरांविषयी बोलतो. एका घरात जन्मलेली मुलगी दुसऱ्या कोणत्या घरात गेली, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेली, कोणत्या नावाने गेली, हे त्या एका कागदावाचून कळायला मार्ग नसतो. वंशावळीच्या अभ्यासात विवाहनोंद ही सांध्याच्या जागी असते. सांधा निखळला तर दोन्हीकडची हाडे शाबूत असूनही हात चालत नाही, तसेच येथे होते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील बऱ्याच सरकारांनी ही नोंद चर्चच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली. राजे आणि सरदार यांच्या वंशावळी त्याआधीही होत्या. शेतमजूर, मोलकरणी, कोळसा खाणीतले कामगार यांना कागदोपत्री आजोबा मिळाले ते मुख्यतः चर्चच्या आणि पुढे सरकारच्या नोंदवह्यांमुळे. आज तिकडची सामान्य कुटुंबे याच नोंदींवरून आपले पूर्वज शोधतात. या शोधावर पुष्कळ मार्गदर्शक पुस्तके आहेत. त्यांत नोंद कुठे मिळेल हे चांगले सांगितलेले असते. नोंद वाचायची कशी, याकडे मात्र घाईने पाहिलेले दिसते.

मी विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून जे वाचता आले ते वाचले. त्यामुळे असेल कदाचित, पण कागदावरच्या उत्तरांइतकेच कागदावर आधीपासून छापलेले प्रश्न मला महत्त्वाचे वाटत आले आहेत. विवाहनोंद हे कुटुंबाने दिलेले निवेदन नाही. सरकारने विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. जे विचारले गेले नाही ते लिहिले गेले नाही, आणि जे लिहिले गेले नाही ते तीन पिढ्यांत कुणाच्याच आठवणीत उरले नाही. म्हणून नोंदीतला पूर्वज वाचण्याआधी तिचा रकाना वाचायला हवा. इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स आणि ब्रिटिश हिंदुस्थान येथील नमुने शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो.

आठ रकाने

इंग्लंडमध्ये १७५४ पासून क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणे भाग होते. कॅथलिकांना, बाप्टिस्टांना, मेथडिस्टांना आपल्या श्रद्धेबाहेरच्या पाद्र्यासमोर उभे राहावे लागे. १८३६ च्या कायद्याने ही सक्ती संपवली. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये रजिस्ट्रारच्या कार्यालयात, कोणत्याही धर्मविधीशिवाय, लग्न करता येऊ लागले. चर्चमधल्या लग्नाचीही नोंद आता त्याच सरकारी नमुन्यात होऊ लागली.

तो नमुना आठ रकान्यांचा होता. लग्नाची तारीख, नाव आणि आडनाव, वय, अविवाहित, विधुर की विधवा, दर्जा किंवा व्यवसाय, लग्नाच्या वेळचा पत्ता, वडिलांचे नाव आणि आडनाव, वडिलांचा दर्जा किंवा व्यवसाय. खाली वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. पाहता पाहता हा नमुना शतकभराहून अधिक काळ टिकला.

वंशावळ शोधणाऱ्याला हे घबाडच वाटते, आणि एका अर्थी ते आहेही. १८६० मधल्या एखाद्या विणकराचे लग्न सापडले, की त्याचा बाप आणि सासरा एकाच कागदावर, व्यवसायासकट हाती येतात. साक्षीदारांत बहुधा एखादा भाऊ किंवा वधूची बहीण असते. पण या आठ रकान्यांत आई कुठेच नाही. वधूची नाही आणि वराचीही नाही. वडील वारलेले असले तरी त्यांचे नाव आणि धंदा लिहायचा. आई शेजारी उभी राहून डोळे पुसत असली तरी तिला जागा नाही. साक्षीदार म्हणून तिने सही केली असेल, तरच ती कागदावर येते.

याचा त्रास कामाला लागल्यावर कळतो. वधूचा बाप जॉन स्मिथ, मजूर, एवढेच नोंदीत असेल, तर त्या जिल्ह्यात त्या वर्षांत जॉन स्मिथ नावाच्या मजुरांना झालेल्या, तेच नाव असलेल्या चार मुली जन्मनोंदींत सापडतात. जन्मनोंदीत आईचे नाव, माहेरच्या आडनावासकट आहे. लग्नाच्या नोंदीतही ते असते, तर चारांतली एक मुलगी मिनिटभरात वेगळी काढता आली असती. तो दुवा नसल्यामुळे जनगणना, दफनाच्या नोंदी, मृत्युपत्रे असा फेरा घालावा लागतो, आणि कित्येकदा फेरा घालूनही शंका उरतेच.

इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदीत आईचे नाव ४ मे २०२१ पासून येऊ लागले. म्हणजे १८३७ ला घातलेली ही चौकट मोडायला जवळजवळ १८४ वर्षे लागली. या अवधीत तिथे राणी व्हिक्टोरियाचे जवळजवळ संपूर्ण राज्य झाले, स्त्रियांना मताधिकार मिळाला, दोन स्त्रिया पंतप्रधान झाल्या. रकाना मात्र तसाच राहिला.

फुली, वय आणि पत्ता

जे विचारले गेले त्याचीही उत्तरे सरळ मानता येत नाहीत. सहीचेच पाहा. नोंदणीच्या सुरुवातीच्या वर्षांत इंग्लंडमधले सुमारे एक तृतीयांश वर आणि जवळजवळ निम्म्या वधू नावाऐवजी फुली मारत. शतक संपेपर्यंत हे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. साक्षरतेचा इतिहास लिहिणारे या फुल्या मोजतात आणि ते योग्यच आहे. कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मध्यवर्ती कार्यालयात आहे ती नोंद नक्कल आहे. स्थानिक रजिस्ट्रार किंवा पाद्री दर तिमाहीला आपल्या वहीची हाताने नक्कल करून पाठवी. तिथून मागवलेल्या दाखल्यावर दिसते ते अक्षर नक्कल करणाऱ्याचे असते, पणजोबांचे नव्हे. पूर्वजाचा हात पाहायचा तर मूळ वहीच गाठावी लागते. मध्यवर्ती सूचीचेही असेच. १९१२ च्या आधीच्या सूचीत जोडीदाराचे नाव नसते. जिल्हा, खंड आणि पान एवढेच असते. वर आणि वधू या दोघांची नावे स्वतंत्रपणे शोधून पान जुळते का, हे पाहायचे. एका पानावर एकाहून अधिक लग्ने असल्यामुळे भलत्याच वधूची गाठ भलत्याच वराशी पडण्याचा धोका राहतोच.

वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडाच नसतो. ‘सज्ञान’ एवढाच शेरा असतो. सज्ञान म्हणजे एकवीस पूर्ण. त्यापुढे बावीस की बावन्न, ते कळत नाही. एकविसाच्या आत पालकांची संमती लागे, म्हणून एकोणीस वर्षांची मुलगी कागदावर एकवीस वर्षांची होई. विधवा वधू नवऱ्याहून मोठी असेल, तर तिचे वय कागदावर दोनचार वर्षांनी उतरे. हे खोटेपण आहे. पण कशाची लाज होती आणि कशाची भीती, हे त्या खोट्यातूनच कळते.

पत्त्याचे तेच. लग्नाआधी ठरावीक दिवस त्या हद्दीत राहिल्याची अट होती. म्हणून वधूवरांचा पत्ता एकच दिसला, की ते आधीपासून एकत्र राहत होते असा निष्कर्ष काढू नये. कधी कधी तो पत्ता अट पुरी करण्यापुरता घेतलेल्या खोलीचा किंवा नातलगाच्या घराचा असतो. माणसे आपला गाव सोडून दूरच्या शहरात जाऊन नोंदणी विवाह का करीत, हा प्रश्न विचारला की घराण्याची दडलेली गोष्ट हाती लागते. सुरुवातीला लग्नाच्या नोटिसा गरिबांना मदत देणाऱ्या स्थानिक मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवल्या जात. आपले लग्न भिक्षेकऱ्यांच्या अर्जांसोबत पुकारले जावे, हे अनेकांना अपमानास्पद वाटे. १८५६ मध्ये ही पद्धत बंद झाली. दुसरे कारण अधिक घरगुती होते. १८३५ पासून १९०७ पर्यंत इंग्लंडमध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी केलेले लग्न कायद्याने रद्दबातल ठरे. आपल्याकडे बायको गेल्यावर मुलांचे हाल नकोत म्हणून मेहुणीशी लग्न लावून देण्यात कुणाला वावगे वाटले नाही. तिकडे असा विधुर आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा शहरात जाई आणि तिथे नोंद करी. पहिल्या आणि दुसऱ्या बायकोच्या वडिलांचे नाव आणि धंदा एकच दिसला, तर संशोधकाने तिथे थांबावे.

वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ दिसली तर बहुधा मूल अनौरस असते. पण रेघ ओढू देणे सर्वांना जमत नसे. कोणी आजोबांचे नाव सांगे, कोणी सावत्र बापाचे, कोणी आपलेच आडनाव लावून एक बाप तयार करी. त्याला धंदाही देई. असा बाप इतर कोणत्याच कागदात भेटत नाही. वंशावळीच्या तक्त्यात तो घालू नये, हे खरे. तरी त्या दिवशी रजिस्ट्रारसमोर उभ्या राहिलेल्या मुलीला तो का लागला, हे त्या घराच्या इतिहासात लिहायलाच हवे.

नाव बदलून लग्न करणारेही होते. कार्ल मार्क्स यांची धाकटी मुलगी एलेनॉर १८८४ पासून एडवर्ड एव्हलिंग यांच्यासोबत पत्नीसारखी राहत होती. एव्हलिंग यांचे आधीचे लग्न झालेले होते, म्हणून या दोघांचे लग्न होऊ शकत नव्हते. १८९२ मध्ये पहिली पत्नी वारली. तरीही एलेनॉरशी लग्न झाले नाही. ८ जून १८९७ रोजी एव्हलिंग यांनी एका तरुण अभिनेत्रीशी गुपचूप नोंदणी विवाह केला, तो ‘अ‍ॅलेक नेल्सन’ या नावाने. नाटकांसाठी ते हेच टोपणनाव वापरत. पुढच्या वर्षी ३१ मार्च १८९८ रोजी एलेनॉरने आत्महत्या केली. त्या नोंदीतला वर टोपणनावाचा आहे, पण लग्न खरे आहे. ज्या कागदाने एका स्त्रीपासून सत्य लपवले, तोच कागद आज चरित्रकारांच्या हातातला पुरावा आहे.

सीमेपलीकडची आई

आईचे नाव वगळणे ही त्या काळाची रीतच होती, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर इंग्लंडच्या शेजारीच आहे. स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. राणी तीच, संसद तीच. पण स्कॉटिश विवाहनोंदीत वराच्या आणि वधूच्या वडिलांबरोबर आईचेही नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट, लिहिले जाऊ लागले. म्हणून १८६० मधले एक स्कॉटिश लग्न सापडले, की एका कागदावर चार आईबाप आणि चार घराण्यांची आडनावे मिळतात. इंग्लंडमधल्या तेवढ्याच कागदावर दोन.

या फरकाचा अर्थ मोठा आहे. दोन्ही देशांत लग्ने सारखीच झाली, आया सारख्याच होत्या. एका ठिकाणी नमुना आखणाऱ्याने एक ओळ जास्त घातली. त्या एका ओळीमुळे सीमेच्या उत्तरेकडच्या मोलकरणीची आई तिच्या लग्नाच्या कागदावर राहिली आणि दक्षिणेकडच्या मोलकरणीची आई त्यावरून गेली.

फ्रान्समध्ये ही गोष्ट आणखी आधीची आहे. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने तिथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चकडून नगरपालिकेकडे आली. १८०४ च्या नागरी संहितेने विवाहनोंदीत काय काय असावे, ते बारकाईने सांगितले. वधूवरांची नावे, व्यवसाय, वय, जन्मस्थान, निवास, दोघांच्याही आईवडिलांची नावे, व्यवसाय, निवास, त्यांची संमती, चार साक्षीदार, त्यांची वये, व्यवसाय आणि वधूवरांशी असलेले नाते. फ्रेंच नोंद रकान्यांत मावत नाही, ती सलग परिच्छेद म्हणून लिहिलेली असते. सुरुवातीच्या वर्षांतल्या तारखा क्रांतीच्या दिनदर्शिकेतल्या असल्यामुळे आधी त्या आपल्या तारखांत बदलून घ्याव्या लागतात. एवढे केले, की वाचकासमोर अख्खे लग्नघर उभे राहते : वारलेला बाप, संमती द्यायला आलेली विधवा आई, साक्षीदार म्हणून उभा असलेला मामा.

पण या तपशिलामागे माया नव्हती. संहितेनुसार पंचविसाच्या आतल्या मुलाला आणि एकविसाच्या आतल्या मुलीला पालकांच्या संमतीशिवाय लग्न करता येत नसे, आणि मतभेद झाला तर बापाचे मत पुरेसे ठरे. आई कागदावर आली, पण अखेरचा शब्द तिचा नव्हता. म्हणजे रकान्यात नाव असणे आणि घरात शब्द असणे या गोष्टीही वेगळ्याच.

आणि कितीही चांगली नोंद असली तरी तो शेवटी कागदच. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत तिथले नगरभवन जळाले. १८६० च्या आधीच्या नोंदवह्या त्यात गेल्या. दुसरी प्रत न्यायालयाच्या इमारतीत होती, तीही जळाली. सुमारे ऐंशी लाख नोंदी नष्ट झाल्या. घरोघरचे दाखले, चर्चच्या वह्या, नोटरींचे कागद गोळा करून त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पुन्हा उभ्या करता आल्या. त्या पुन्हा लिहिल्या गेल्या त्या लोकांनी पेटीत जपलेल्या कागदांवरून, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

आठ धर्मांचा नकार

पॅरिसच्या जळालेल्या नोंदी पुन्हा लिहिण्याचा कायदा १८७२ मध्ये झाला. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात धर्मविधीविना लग्न करण्याचा कायदा झाला : १८७२ चा तिसरा कायदा. त्याआधी हिंदुस्थानात विवाहनोंद अजिबात नव्हती असे नाही. १८६५ च्या पारशी विवाह कायद्याने पारशी लग्नांची नोंद सक्तीची केली होती, आणि ख्रिस्ती लग्नांच्या नोंदी चर्चमार्फत होत होत्या. १८७२ मध्येच ख्रिस्ती विवाहांचाही नवा कायदा झाला. या कायद्यांसोबतचे नमुने पाहिले, तर इंग्लंडचे रकाने ओळखू येतात : वय, अविवाहित की विधुर, दर्जा किंवा व्यवसाय, पत्ता, वडिलांचे नाव. नमुना जहाजात बसून आला तो लंडनहून आला, एडिंबरोहून नाही. त्याबरोबर आईची गैरहजेरीही आली.

तिसऱ्या कायद्याची जन्मकथा बंगालमधली. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांना मूर्तिपूजेविना केलेली आपली लग्ने कायदेशीर ठरायला हवी होती. १८६८ मध्ये हेन्री मेन यांनी एक व्यापक विधेयक मांडले; त्याला विरोध झाला. पुढे ब्राह्मोंपुरता कायदा करण्याचे ठरले, तर आदी ब्राह्मो समाजाने हरकत घेतली. आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला वेगळा कायदा नको, असे त्यांचे म्हणणे. अखेर फिट्झजेम्स स्टीफन यांनी मार्ग काढला तो असा : प्रस्थापित धर्मांपैकी कोणताही धर्म आपण मानत नाही असे जे लिहून देतील, त्यांच्यासाठी हा कायदा.

म्हणून या कायद्याच्या नमुन्यात वर आणि वधू या दोघांनाही जाहीर करावे लागे, की मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. आठ धर्मांचा नकार. त्याखेरीज आपण सध्या अविवाहित आहोत, वर अठरा वर्षांचा आणि वधू चौदा वर्षांची पूर्ण आहे, दोघांत निषिद्ध नाते नाही, आणि एकवीस पूर्ण नसल्यास वडिलांची किंवा पालकाची संमती आहे. खोटे लिहिल्यास कैद आणि दंड होईल हेही त्याच कागदावर. रजिस्ट्रार आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर हा सोहळा उरके.

आता असा कागद एखाद्या घरात जुन्या ट्रंकेत सापडला, तर पणतू काय समजेल? पणजोबा नास्तिक होते. त्यांनी हिंदू धर्म सोडला होता. वास्तविक ते पक्के ब्राह्मो असतील, रोज उपासना करणारे. धर्म नाकारल्याशिवाय कायदेशीर लग्न नाही अशी अटच असल्यामुळे त्यांनी तो कागदावर नाकारला. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांतल्या विवाहासाठी धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तो प्रश्नच कागदावरून काढला. त्यामुळे १९२३ च्या आधीचा नकार आणि नंतरची नोंद यांची तुलना करून त्या घराची श्रद्धा बदलली असे म्हणणे चुकीचे ठरेल. बदलला होता तो नमुना.

मराठी वाचकाला या कायद्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी. आईवडील दुष्काळाच्या काळात भटकंतीत गेले. पुढे भाऊ श्रीनिवासही गेला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आणि ब्राह्मण मुलीने ब्राह्मणेतराशी केलेले लग्न शास्त्राच्या दृष्टीने उलटे. तेव्हाच्या हिंदू कायद्यात या लग्नाला आधार मिळाला नसता. १८७२ च्या कायद्यानेच ते उभे राहिले.

हा नमुना रमाबाईंच्या हातात दिला आहे अशी कल्पना करून वाचावा. त्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा, म्हणजे लग्नाच्या वेळी त्या बावीस वर्षांच्या. एकवीस पूर्ण असल्यामुळे बापाच्या किंवा पालकाच्या संमतीचे कलम त्यांना लागूच होत नव्हते. ज्या काळात महाराष्ट्रात आठदहा वर्षांच्या मुलीचे कन्यादान होत होते, त्या काळात एका मराठी ब्राह्मण स्त्रीने, दान करायला कोणी नसताना आणि कोणाची गरजही नसताना, स्वतःच्या सहीने लग्न केले. राहता राहिला आठ धर्मांचा नकार. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात, की तेव्हा आपला किंवा आपल्या पतीचा हिंदू वा ख्रिस्ती धर्मावर विश्वास नव्हता, म्हणून आपण नोंदणी विवाह केला. म्हणजे इतर अनेकांसाठी जो नाइलाजाचा मजकूर होता, तो त्यांच्यापुरता खरा होता. पण येथेही सावधपणा हवा. हे निवेदन लिहिणाऱ्या रमाबाई १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, श्रद्धावान ख्रिस्ती होत्या आणि आपण कोणत्या अंधारातून कुठे आलो, हे त्यांना सांगायचे होते. सरकारी नमुना एक प्रश्न विचारून नकार घेतो, आत्मनिवेदन वेगळ्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच नकाराचा अर्थ लावते. दोन्ही कागद खरे आहेत. कोणताही एकटा पुरेसा नाही.

बिपिनबिहारी १८८२ च्या आरंभी पटकीने वारले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी रमाबाई पुण्यात आल्या.

आपल्याकडचा निखळलेला सांधा

रमाबाईंसारखी लग्ने हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. महाराष्ट्रातल्या बाकीच्या लग्नांचे काय? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये भटजीविना लग्न लावण्याची सत्यशोधक पद्धत सुरू केली. ती धर्मसुधारणा होती, सरकारी वहीशी तिचा संबंध नव्हता. गावोगावची लाखो लग्ने भटजी, गावकरी आणि अक्षता यांच्या साक्षीने झाली आणि कोणत्याही सरकारी वहीत शिरली नाहीत.

गावात सरकारी वही नव्हती असे नाही. जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे. महसुली भाषेत गाव नमुना क्रमांक १४. मोडीतल्या या वह्यांना अलीकडे अचानक महत्त्व आले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना गावोगावहून बोलावणी आली. असंख्य कुटुंबांनी आपल्या खापरपणजोबांचे नाव पहिल्यांदा कागदावर पाहिले. त्या नोंदीवर पुढच्या पिढीचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असल्यामुळे ‘रकाना कोणी आखला, उत्तर कोणी दिले’ हा प्रश्न अभ्यासकाच्या हौसेचा राहिलेला नाही.

या वह्यांची रचना पाहा. त्यांत जन्म आहे, मृत्यू आहे, लग्न नाही. मुलगी जन्मली तेव्हा ती एका गावच्या वहीत बापाच्या नावापुढे आली. मेली तेव्हा दुसऱ्या गावच्या वहीत नवऱ्याच्या नावापुढे आली. मधला सांधा कुठेच नाही. त्यात लग्नात नाव बदलण्याची रीत. पहिल्या वहीतली ठकी आणि दुसऱ्या वहीतली लक्ष्मी एकच, हे सांगणारा कागदच नाही. पुरुषाची वंशावळ या वह्यांतून चार-पाच पिढ्या मागे नेता येते, कारण तो त्याच गावात जन्मतो आणि बहुधा त्याच गावात मरतो. स्त्रीची वंशावळ एका पिढीत तुटते. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडची साखळीच लागत असल्यामुळे ही तूट कोणाला जाणवतही नाही.

कुलवृत्तांतांनी ती भरून काढली का? काही अंशी. विसाव्या शतकात निघालेल्या मराठी कुलवृत्तांतांमागे अफाट कष्ट आहेत. पदरमोड करून, गावोगाव पत्रे पाठवून ते सिद्ध झाले. त्यांत सुनेचे माहेर आणि मुलीचे सासर पुष्कळदा दिलेले असते, आणि त्या बाबतीत ते इंग्लंडच्या सरकारी नमुन्यापेक्षा पुढे आहेत, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण घड्या उलगडून पाहावा लागणारा वंशवृक्ष बघा : त्यात फांद्या फक्त मुलग्यांना फुटतात. मुलीची नोंद एका ओळीत संपते. पाठवलेल्या प्रश्नावलीतच तिच्या पुढच्या पिढीला जागा नसते. शिवाय कुलवृत्तांत काढायला वेळ, पैसा आणि लिहिते लोक लागतात. ज्या जातींना लिहिणे उशिरा मिळाले त्यांच्याकडे तो नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक जातींची घराणी आहेत. पण तीर्थाला जाण्याची ऐपत नसलेले तिथेही नाहीत. इंग्लंडमधल्या भूमिहीन मजुराला जे सरकारने सक्तीने दिले, ते आपल्या भूमिहीन मजुराला कोणीच दिले नाही.

याद्या आणि आहेराच्या वह्या

तरी आपल्या लग्नांनी कागद ठेवलेच नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. आपले कागद निराळे आहेत आणि ते घरात आहेत. लग्न ठरताना केलेली यादी घ्या. देणेघेणे, मानपान, कोणत्या बाजूचा कोणता खर्च, हे लिहून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यावर सह्या केलेल्या असतात. फ्रेंच नोंदीतल्या संमतीचा आणि साक्षीदारांचा हा आपला भाग. हुंड्याच्या हिशेबामुळे घरे या याद्या लपवतात किंवा फाडून टाकतात. वंशावळीच्या दृष्टीने त्या जपल्या पाहिजेत, आणि आपल्या घराने काय घेतले हे कळण्यासाठीही.

दुसरा कागद आहेराच्या वहीचा. कोणी काय दिले, हे परतफेडीसाठी लिहून ठेवलेले असते : नाव, गाव, लुगडे, भांडे किंवा रुपये. इथे नात्यांचा सबंध पसारा गावांच्या नावांसकट उतरलेला दिसतो. तीन लग्नांच्या आहेराच्या वह्या शेजारी ठेवल्या, की कोणत्या गावांशी सोयरिक होती, कोणती घरे पुढे तुटली, हे कळते. त्यात स्त्रिया येतात त्या ‘अमक्याची आत्या’, ‘तमकी मावशी’ अशा, पण येतात. तिसरा कागद लग्नपत्रिका. जुन्या पत्रिकेत निमंत्रकांची नावे पुरुषांची असली, तरी मामाचे नाव बहुधा असते, आणि मामाच्या आडनावावरून आईचे माहेर सापडते. सरकारने ज्या आईला विचारले नाही, तिचा पत्ता तिच्या भावाच्या मानपानातून लागतो.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. इंग्लंडनंतर तीनच वर्षांनी. पण रकाना आजपासून पुढे भरतो. मागचे भरण्याचे काम कोणतेही सरकार करणार नाही. आपापल्या घरात आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव ठाऊक असलेले जे कोणी आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन बसावे लागेल. तिथे बसताना प्रश्न मात्र आपण नीट आखावेत. ‘आजोबांचे वडील कोण?’ एवढेच विचारले, तर आपल्यालाही आठच रकाने मिळतील.